न लागलेल्या दुवा

गेल्या वर्षी श्रावणातल्या एका सोमवारी दुपारी बीडच्या नसरीन या विद्यार्थिनीची ऑनलाइन प्रोग्रॅमिंग अभ्यासक्रमातली नोंदणी रद्द झाली. ती तिने स्वतःच्या हाताने रद्द केली होती. तिला चाचणी द्यायची होती.

अभ्यासक्रम मराठीत होता आणि शहरातल्या एका खासगी शिक्षणसंस्थेने तो सुरू केला होता. शेवटच्या चाचणीत उत्तीर्ण होणाऱ्यांना पुण्याची एक कंपनी मुलाखतीला बोलावणार होती. काम घरी बसून करायचं होतं. चाचणी त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी संध्याकाळी बंद होणार होती. एकदा रद्द झालेली नोंदणी परत मिळणार नाही, असं नियमावलीत ठळक अक्षरांत होतं.

नसरीनला जन्मापासून दिसत नाही. ती बी.ए. आहे. बार्शी रस्त्याला तिचे वडील चाँदभाई यांचं मोटारसायकल दुरुस्तीचं गॅरेज आहे आणि मागे घर. तिच्या लॅपटॉपवर पडदा वाचून दाखवणारा प्रोग्रॅम आहे. पडद्यावर अक्षरं असली की तो ती बोलतो. लिंक आली की तिची अक्षरं वाचून पुढे ‘दुवा’ असं म्हणतो. चित्र आलं आणि त्याला कोणी नाव दिलेलं असलं, तर ते नाव सांगतो. दिलेलं नसलं, तर तसं सांगतो.

या अभ्यासक्रमाच्या धड्यांमध्ये दुवे घालण्याचं काम माझ्याकडे होतं. त्याआधीची नोकरी एका दैनिकाच्या बीड आवृत्तीत उपसंपादकाची. ती आवृत्ती बंद झाली. बंद झाल्याची बातमी तिच्यात छापायची राहिली, कारण ती बंद झाली होती.

दुवे घालणं म्हणजे काय, हे गावात समजावून सांगावं लागे. धडा वाचताना एखादा शब्द निळा दिसतो, खाली रेघ असते, दाबला की दुसरं पान उघडतं. विद्यार्थी कुठे अडखळेल याचा अंदाज घ्यायचा, त्या जागी त्याला उपयोगी पडेल असं पान शोधायचं, ते पान खरंच उघडतं का ते पाहायचं आणि उघडण्याआधीच आत काय आहे हे त्याला कळेल अशी अक्षरं लिहायची. ऐकणारा विचारी, “मग दिवसभर काय करता?”

वर्तमानपत्रात काम केलेल्याला यातलं काही नवीन नाही. दुव्याची अक्षरं म्हणजे मथळा. पान एकवरच्या प्रत्येक बातमीला ‘बातमी’ असा मथळा देणारा उपसंपादक अजून जन्माला आलेला नाही. दुव्यांच्या जगात मात्र तो जन्मला, वाढला आणि त्याला बढती मिळाली. तो प्रत्येक दुव्याला ‘येथे क्लिक करा’ असं लिहितो.

माझ्या आधी हे काम माणसाकडे नव्हतं. संस्थेचे तांत्रिक प्रमुख विक्रमदादा यांनी ते एका प्रोग्रॅमवर सोपवलं होतं. विक्रमदादा हे संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब यांचे सख्खे पुतणे. नेमणुकीच्या वेळी आणखी कोणती पात्रता तपासली होती, याची नोंद आढळली नाही. त्यांचा प्रोग्रॅम धड्यातले महत्त्वाचे शब्द हेरी आणि त्या शब्दाचं इंटरनेटवर जे पहिलं मराठी पान सापडेल, ते जोडून मोकळा होई.

प्रोग्रॅमिंगमध्ये ‘यादी’ असते. एकापाठोपाठ ठेवलेल्या माहितीला तसं म्हणतात. त्या धड्यात जिथे जिथे ‘यादी’ शब्द आला, तिथे तिथे मतदार यादी जोडली गेली होती. या चुकीचा पत्ता लिंबागणेशच्या दत्ता नावाच्या विद्यार्थ्याच्या फोनमुळे लागला.

“सर, यादीचा धडा झाला. पण माझं नाव न्हाई.”

“कशात नाही?”

“यादीत. आईचं बी न्हाई. सगळी यादी बघितली, लई येळ गेला. आता नाव घालायचं काम तुमच्याकडंच हाय का आणखी कुठं जावं लागंल?”

त्याने उघडलेली यादी दुसऱ्याच गावची होती. हे सांगितल्यावर तो जरा नाराज झाला. “मग धड्यात कावून दिली?” असं त्याने विचारलं. हा प्रश्न विक्रमदादांकडे पाठवण्यात आला. उत्तर आलं नाही.

‘शाखा’ या शब्दाची कथा वेगळी. लिहिलेल्या प्रोग्रॅमची मूळ प्रत तशीच ठेवून तिच्या बाजूला दुसरी करून बघतात, तिला शाखा म्हणतात. त्या धड्यातला दुवा आबासाहेबांच्या पतसंस्थेच्या शाखांवर जात होता. तो काढल्यावर अध्यक्षांच्या कार्यालयातून चौकशी झाली. बाकीचे चुकीचे दुवे काढायला हरकत नव्हती. हा बरोबर होता, असं त्यांचं म्हणणं पडलं.

नसरीनचा पहिला फोन त्यानंतरचा, आषाढातला.

“सर, तुमी प्रोग्रॅमिंग शिकवता का गाणं?”

“का?”

“धडा मधीच ला ला ला करतो.”

तिने लॅपटॉप फोनजवळ धरला. लॅपटॉप म्हणाला, “फंक्शन, दुवा. ला. व्हेरिएबल, दुवा. ला. क्लास, दुवा. ला.”

ही चूक इंग्रजीत झाली नसती. आपल्याकडे विभक्तीचा प्रत्यय शब्दाला चिकटतो. विक्रमदादांच्या प्रोग्रॅमला ‘फंक्शन’ तेवढं ओळखू येई, म्हणून तो तेवढंच निळं करी आणि ‘ला’ बाहेर काळा ठेवी. डोळ्यांना ते खटकत नाही. कानाला तोडलेला शब्द तोडलेलाच ऐकू येतो. ‘च्या’च्या बाबतीत तर धडा चहा मागतो आहे असं वाटे.

“आन दुसरं,” नसरीन म्हणाली, “मला एका पानावरचे सगळे दुवे एकदम ऐकता येतात. तुमाला दिसतात तशे मला ऐकू येतात. ऐका.”

लॅपटॉप म्हणू लागला, “येथे क्लिक करा, दुवा. येथे क्लिक करा, दुवा. येथे क्लिक करा, दुवा.” तो थांबेना. मागून तिच्या आईचा आवाज आला. “सकाळपास्नं कोण देतंय गं इतक्या दुवा?”

“कॉम्प्युटरवाले देतात, अम्मी. पण एक बी लागत न्हाई.”

बीडमध्ये दुवा म्हणजे आशीर्वाद, हे वेगळं सांगावं लागत नाही. लिंकला मराठी प्रतिशब्द निवडणाऱ्यांनी ते लक्षात घेतलं होतं की नाही, माहीत नाही.

धडे दुरुस्त करायला वेळ लागला. प्रत्यय आत घेतले. ‘येथे क्लिक करा’च्या जागी आत काय आहे ते लिहिलं: ‘यादीत नवी नोंद कशी करावी’, ‘चूक शोधण्याचा सराव, इंग्रजीत’. व्हिडिओ असेल तर व्हिडिओ म्हटलं, कारण गॅरेजमध्ये बसून अभ्यास करणाऱ्याला अचानक सुरू होणारा आवाज परवडत नाही. एक दुवा ज्योतिषाच्या पानावर उघडत होता. तो काढला. त्याबद्दल दोन विद्यार्थ्यांनी तक्रार केली.

दुरुस्त धडे नसरीन ऐके आणि फोन करी. तिने कौतुक केल्याचं आठवत नाही. “हे पान बरंय,” एवढं म्हणे आणि पुढच्या पानावरची चूक सांगे. वर्तमानपत्रात मुद्रितशोधक असत तेव्हा अशी वाक्यं ऐकायला मिळत. मुद्रितशोधक काढून टाकले तेव्हापासून ती ऐकू येत नव्हती.

एक पान मात्र माझ्या हाताबाहेर होतं. शेवटच्या धड्यानंतरचं, चाचणीचं. ते प्रसिद्धी विभागाने केलं होतं आणि प्रसिद्धी विभाग अध्यक्षांच्या कार्यालयात बसत असे. त्या पानावर एक मोठं चित्र होतं. वर गणपती, मधे हात जोडलेले आबासाहेब. चित्राच्या डाव्या बाजूच्या कोपराखाली ‘नोंदणी रद्द करण्यासाठी’ आणि उजव्या बाजूच्या कोपराखाली ‘अंतिम चाचणी देण्यासाठी’ असं चित्रातच रंगवलेलं होतं, खाली बाण. चित्राच्या खाली दोन दुवे. दोन्हींवर एकच मजकूर.

हे पान बदलावं, असं लेखी कळवलं होतं. ‘पान आकर्षक आहे,’ असं लेखी उत्तर आलं.

त्या सोमवारी नसरीनच्या लॅपटॉपने वाचलं, “चित्र, नाव नाही. येथे क्लिक करा, दुवा. येथे क्लिक करा, दुवा.” तिने पहिला दाबला. एक चौकट उघडली. “आपण नक्की पुढे जाऊ इच्छिता?” तिला पुढेच जायचं होतं. तिने ‘होय’ दाबलं.

तिचा फोन आला तेव्हा आवाज नेहमीसारखाच होता. “सर, माझं नाव कटलं. आता काय करायचं ते सांगा. रडायचं आसंल तर ते मी घरी करते.”

विक्रमदादांना भेटलो. त्यांनी खुर्ची दिली, चहा सांगितला आणि तांत्रिकदृष्ट्या काहीही करता येत नाही असं सांगितलं.

“रद्द म्हणजे रद्द. सिस्टीमच तशी हाय.”

“सिस्टीम कोणी केली?”

“आमीच. पण आता ती झाली ना.”

नियमात काही करता येईल का, हे ठरवण्यासाठी मंगळवारी व्यवस्थापन समितीची बैठक बोलावण्यात आली. ‘येथे क्लिक करा’ हा दुसरा विषय होता. नसरीनच्या नोंदणीचा विषय त्याच्यानंतर होता आणि तिथवर बैठक पोचली नाही.

एका सदस्याचं म्हणणं पडलं की लोकांना ‘येथे क्लिक करा’ची सवय आहे, ती मोडू नये. दुसऱ्याने सुचवलं की दुव्यांना क्रमांक द्यावेत, ‘येथे क्लिक करा एक’, ‘येथे क्लिक करा दोन’. कोणता क्रमांक कशाचा, हे कसं कळणार, असं विचारल्यावर त्याची माहिती वेगळ्या पानावर देता येईल, असं ते म्हणाले. त्या पानावर कसं जायचं? “तिथं लिवायचं ना, येथे क्लिक करा.” विक्रमदादांनी सर्वांत व्यवहार्य तोडगा काढला. अंध विद्यार्थ्यांसाठी दुवे मोठे आणि लाल करावेत, शेजारी लुकलुकणारं बोट ठेवावं. तो मान्य झाला.

आबासाहेब शेवटी बोलले. ते मनाने वाईट नाहीत. जे समोर येईल त्याचा सत्कार करणं, ही त्यांची काम करण्याची रीत आहे. रस्ता झाला तर ठेकेदाराचा करतात, झाला नाही तर उपोषणकर्त्याचा. “पोरगी जिद्दीची हाय,” ते म्हणाले. “गुरुवारी आपल्या वाढदिवसाला तिचा सत्कार ठेवा. शाल, श्रीफळ. पेपरवाल्यांना सांगा.”

हा निरोप घेऊन गॅरेजवर गेलो. चाँदभाई एका मोटारसायकलचं इंजिन उघडून बसले होते. त्यांनी ऐकून घेतलं.

“म्हंजे भाऊ, शाल द्यायला तयार हायेत?”

“हो.”

“आन नोंदणी?”

“ती सिस्टीममध्ये बसत नाही.”

“गाडी बिघडली म्हणून गिऱ्हाईक येतं,” चाँदभाई म्हणाले. “मी त्याला हार घातला आन बिघडलेलीच गाडी परत दिली तर तो मला काय म्हणंल?”

आतून नसरीन म्हणाली, “अब्बा, जाऊ आपण. सर, माईक असतो का तिथं?”

“असतो.”

“आन लॅपटॉप?”

संस्थेचा लॅपटॉप स्टेजवर असणार होता. अभ्यासक्रमाचं प्रात्यक्षिक कार्यक्रमपत्रिकेत होतं. त्यावर कोणाची नोंदणी उघडायची हेही ठरलेलं होतं. अभ्यासक्रम सुरू झाला तेव्हा आबासाहेबांनी स्वतः पहिला विद्यार्थी म्हणून नाव नोंदवलं होतं आणि तसा फोटो छापून आला होता. त्यांचे सगळे धडे पूर्ण दिसत. ते कोणी पूर्ण केले, हे विचारण्याची पद्धत नव्हती. प्रात्यक्षिकाला नेहमी तीच नोंदणी वापरत. बुधवारी नसरीनने एवढंच करायला सांगितलं की तिच्याकडे आहे तसा पडदा वाचणारा प्रोग्रॅम त्या लॅपटॉपवरही असावा. तो फुकट मिळतो. विक्रमदादांनी परवानगी दिली. प्रात्यक्षिकाला शोभा येईल, असं त्यांचं मत होतं.

गुरुवारी मंगल कार्यालय भरलेलं होतं. नसरीनला शाल दिली, नारळ दिला. आबासाहेब भाषणात म्हणाले की आपली संस्था अंध आणि डोळस असा भेद करत नाही. हे शब्दशः खरं होतं. मग नसरीनला दोन शब्द बोलायला सांगितलं.

तिने माईक लॅपटॉपच्या तोंडाशी धरला. “मला शेवटच्या चाचणीचं पान उघडून द्या,” ती म्हणाली. पान उघडलं. मागच्या पडद्यावर गणपती आणि आबासाहेब आले. टाळ्या पडल्या.

“पडदा बंद करा,” नसरीन म्हणाली. “आता साहेब आन मी सारखे.”

पडदा बंद झाला. कर्ण्यातून आवाज आला, “चित्र, नाव नाही.”

पुढच्या रांगेत कोणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. आबासाहेबांचा फोटो कोणत्याही कार्यक्रमात बिननावाचा जाहीर होण्याची ती पहिली वेळ असावी.

“येथे क्लिक करा, दुवा. येथे क्लिक करा, दुवा.”

“साहेब,” नसरीन म्हणाली, “यातला एक चाचणीचा हाय. कोणता दाबू? तुमी सांगा.”

आबासाहेबांनी विक्रमदादांकडे पाहिलं. विक्रमदादांनी बंद पडद्याकडे पाहिलं.

“चाचणीचा म्हंजे पैलाच आसंल,” आबासाहेब म्हणाले. “महत्त्वाचं पैलं आसतं. दाब पैला.”

तिने दाबला.

“आपण नक्की पुढे जाऊ इच्छिता?” कर्ण्याने विचारलं.

“आपण मागं कवा गेलोय का?” आबासाहेब सभेला म्हणाले. सभेने टाळ्या दिल्या. नसरीनने ‘होय’ दाबलं.

“आपली नोंदणी रद्द करण्यात आली आहे,” कर्णा म्हणाला. “आपल्या पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा.”

सभेला समजायला थोडा वेळ लागला. मागच्या बाजूने आवाज आला, “साहेबांचं नाव कटलं बे.” मग सगळीकडून हसू आलं. आबासाहेबही हसले; राजकारणात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला कधी हसावं हे कळतं. हसता हसताच त्यांनी मान वळवली आणि माईकपासून लांब, पण पहिल्या दोन रांगांना ऐकू जाईल इतपत आवाजात विचारलं, “विक्रम, हे परत कसं येतं?”

“येतं की, काका,” विक्रमदादा म्हणाले. “लगेच येतं.”

“मग माझं कावून येत न्हाई?” नसरीनने विचारलं. माईक अजून तिच्याच हातात होता.

विक्रमदादा लॅपटॉपपाशी बसले. जेवणाची पहिली पंगत उठायच्या आत अध्यक्षांची नोंदणी परत आली. विक्रमदादांनी केलेल्या सिस्टीममध्ये एकट्याची नोंदणी परत घेण्याची सोय नव्हती. रद्द झालेल्या सगळ्या एकदम परत घ्याव्या लागत. त्या यादीत नसरीन होती. आणखीही काही विद्यार्थी होते. चाचणीच्या पानापर्यंत पोचून गायब झालेले. ते अभ्यास सोडून गेले असं आतापर्यंत धरलं होतं. त्यांच्यातल्या एकाला, धारूरच्या, त्याच दुपारी फोन करून नोंदणी परत मिळाल्याचं कळवलं. “मी काय दाबलं व्हतं तेच मला कळलं न्हाई,” तो म्हणाला. त्याला चांगलं दिसत होतं. तो मोबाइलवर अभ्यास करी आणि मोबाइलवर ते चित्र कडेला कापलं जाई.

चाचणीचं पान गुरुवारीच माझ्याकडे देण्यात आलं. दोन दुव्यांवर ‘अंतिम चाचणी सुरू करा’ आणि ‘माझी नोंदणी रद्द करा’ असं लिहिलं. दोन्हींमध्ये अंतर ठेवलं. ‘नक्की पुढे जाऊ इच्छिता?’च्या जागी ‘नोंदणी रद्द होईल आणि चाचणी देता येणार नाही. रद्द करायची का?’ असं आलं. चित्रही ठेवावं लागलं. त्याला नाव द्यायचं राहिलं होतं, ते दिलं: ‘अध्यक्षांचा फोटो. चाचणीशी संबंध नाही.’ हे नाव डोळ्यांना दिसत नाही, फक्त पडदा वाचणाऱ्या प्रोग्रॅममधून ऐकू येतं. त्यामुळे त्यावर आजवर कोणाची हरकत आलेली नाही.

लाल दुवे आणि लुकलुकणारं बोट यांचा ठराव रद्द झालेला नाही. त्याची अंमलबजावणीही झालेली नाही.

शुक्रवारी सकाळी नसरीनने चाचणी दिली. गॅरेज तेवढा वेळ बंद होतं. एका गिऱ्हाइकाने शटर वाजवलं, तेव्हा चाँदभाई बाजूच्या दाराने बाहेर आले आणि “पोरीचा पेपर हाय, हॉर्न मारू नका” एवढं सांगून परत आत गेले. दुपारी तिचा फोन आला.

“झालं?”

“झालं. एक प्रश्न शाखेवर होता.”

“आला?”

“आला. पतसंस्थेच्या शाखा सोडून बाकी सगळं लिवलं.”

ती उत्तीर्ण झाली. पुण्याच्या कंपनीने ऑनलाइन मुलाखत घेतली आणि तिला काम दिलं. ती ते बीडमधून, गॅरेजच्या मागच्या खोलीत बसून करते. पान बिघडलेलं असलं की अजूनही फोन करते.

प्रमाणपत्र प्रसिद्धी विभागाने तयार केलं. ते दिवाळीच्या आधी ई-मेलने आलं. पत्रात एकच ओळ होती: ‘आपले प्रमाणपत्र मिळवण्यासाठी येथे क्लिक करा.’ नसरीनने ते उघडलं. लॅपटॉपने वाचून दाखवलं, “चित्र, नाव नाही.”